सेकंडहँड 'इम्पोर्टेड लेदर' सॉफ्टबॉल ग्लोव्ह घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

नागपुरातल्या सॉफ्टबॉल-बेसबॉल खेळणाऱ्या पोरापोरींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक जण सेकंडहँड इम्पोर्टेड ग्लोव्ह विकून राहिला आहे, त्याच्यापासून सांभाळून राहा. माझ्या भाचीचे 6500 रुपये गेले. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा) खेळते ती, लहान मुलांच्या ट्यूशन घेऊन जमवलेले पैसे होते, म्हणून राग जास्त आहे.

मेसेजमध्ये लिहिलं होतं फुल ग्रेन स्टीअरहाइड (बैलाचं जाड अस्सल चामडं), साडेबारा इंच, एच वेब (अंगठा आणि तर्जनीमधली H आकाराची जाळी), नॅशनल खेळलेल्या मुलीचा वापरलेला. फोटो खऱ्याच चांगल्या ग्लोव्हचे होते, जाड कडा, चामड्याची लेस, सगळं व्यवस्थित. आणि वापरलेला म्हटलं की खेळणाऱ्याला उलट बरंच वाटतं, कारण स्टीअरहाइडचा नवा ग्लोव्ह इतका कडक असतो की धड मिटत नाही, रोज बॉल मारून मारून तो हाताला बसायला कितीतरी आठवडे जातात. त्या माणसाने नेमकं हेच धरलं. "ताई, पूर्ण ब्रेक-इन झालेला (वापरून हाताला बसलेला) आहे, उद्या घालून मॅच खेळा." वरून घाई, दुसरी पार्टी मागून राहिली, आत्ताच्या आत्ता पूर्ण पैसे यूपीआयने टाका तरच ठेवतो. मग बर्डीला (सीताबर्डी) व्हरायटी चौकात आला, टेप मारलेलं पाकीट पोरीच्या हातात दिलं, गाडी बंदसुद्धा केली नाही अन् निघून गेला.

ग्लोव्ह एकदम मऊ होता. आता खरं लेदर मऊ होतं ते जिथे मिटतं तिथे, म्हणजे अंगठ्याकडच्या आणि करंगळीकडच्या बाजूला आणि पॉकेटमध्ये (बॉल बसतो तो खोलगट भाग), बोटं मात्र ताठच राहतात. हा सगळीकडून लुळा, बोटंसुद्धा मागे वळत होती. प्रॅक्टिसला वापरायला सुरुवात केली तर काही दिवसांतच तळव्यावरचा थर पापुद्र्यासारखा निघायला लागला, आणि जमिनीवरून जोरात आलेला एक बॉल (ग्राउंडर) घेताना वेबची लेसच तुटली, बॉल आरपार जाऊन पोरीच्या गालाला लागला. नशीब की डोळा वाचला. मला पैशापेक्षा याचाच संताप येतो.

इतवारीत चामड्याचं काम करणाऱ्या ओळखीच्या काकांना दाखवला, त्यांनी लेसच्या भोकाजवळची कड ब्लेडने थोडी सोलली तर आत पांढरं विणलेलं कापड! वर नुसतं रेक्झिन. खऱ्या लेदरची कापलेली कड रेशारेशांची, एकसंध दिसते, म्हणून फोटो मागताना तळव्याचा नका मागू, लेसच्या भोकांचा आणि कडेचा मागा. तळव्यावर शिक्का काय, कोणीही मारू शकतो.

शिक्क्यावरून आठवलं, साडेबारा छापलेला तो ग्लोव्ह टेपने मोजला तर साडेअकरा भरला. माप घ्यायचं तर्जनीच्या टोकापासून पॉकेटमधून खाली तळव्याच्या शेवटापर्यंत, टेप चिकटवून. साडेअकरा हे बेसबॉलच्या इनफिल्डरचं (बेसच्या आसपास उभं राहून बॉल अडवणाऱ्याचं) माप, कारण बेसबॉलचा घेर 9 ते सव्वानऊ इंच असतो आणि आपला सॉफ्टबॉल 12 इंची, तो त्या पॉकेटमध्ये बसतच नाही, बाहेर येतो. सॉफ्टबॉलला पॉकेट खोल लागतं. वेबचंही तसंच आहे, इनफिल्डला एच किंवा आय वेब चालतं, पिचरला (बॉल टाकणाऱ्याला) बंद वेब, बॉलवरची पकड बॅटरला दिसू नये म्हणून. अंगठा आणि तर्जनीमध्ये लेसची जाळी असावी ही कल्पना बिल डोक नावाच्या अमेरिकन पिचरची, 1920 च्या आसपासची, तेव्हापासून बॉल पकडायचं खरं काम या जाळीचं आहे, म्हणून लेस ओढून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. किप लेदर म्हणून कोणी विकत असेल तर ते कमी वयाच्या जनावराचं, हलकं आणि बारीक पोताचं असतं, पण तेही बोटात लुळं पडत नाही.

त्याने आमचा नंबर लगेच ब्लॉक केला. आम्ही 1930 वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) तक्रार नोंदवली आहे, चॅट आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट दिले, पैसे अजून आले नाहीत. 1930 ला फोन जितका लवकर तितकं बरं, पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात. दुकानातून घेतलेल्या मालात असं झालं असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

आता तेच फोटो दुसऱ्या ग्रुपवर फिरून राहिले आहेत, नाव वेगळं, नंबर वेगळा, किंमत 5500. तपकिरी ग्लोव्ह, लाल लेस, मागे हिरवी चादर. तुमच्याकडे आला असेल तर पैसे टाकू नका, त्याचा नंबर आणि यूपीआय आयडी दिसेल असा स्क्रीनशॉट मला पाठवा, आमच्या तक्रारीत जोडतो.