ब्रेक लाईटच्या साध्या फॉल्टवर मला 'मॉड्युल' विकलं, गॅरेजवाल्यांचा हा प्रकार वाचून ठेवा

जरा मोठं होईल पण वाचा. पैसे गेले ते गेलेच, त्यावर कडी म्हणजे गॅरेजवाल्याने माझी गाडी एकही ब्रेक लाईट लागत नसताना माझ्या हातात दिली आणि वर "आता बिनधास्त फिरवा साहेब" म्हणाला. गॅरेजचं नाव टाकत नाहीये, प्रकार समजून घ्या, बस.

गंमत म्हणजे माझी तक्रार ब्रेक लाईटची नव्हतीच. सकाळी गाडी स्टार्ट होईना, चावी फिरवली की नुसतं टकटक. गॅरेजचा माणूस पार्किंगमध्येच आला, बॅटरीला मीटर लावला, आकडा ११ व्होल्टच्या खाली, लगेच निदान तयार, "सेल गेलाय, बॅटरी बदला". नवीन बॅटरी बसवली, जुनी स्वतःच्या गाडीत टाकून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच, टकटक. आता नवी बॅटरी अशी कशी बसते म्हणून विचारलं तर म्हणे अल्टरनेटर (गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) असेल, गाडी सोडून जा. सोडली.

संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आला. गाडी बंद, बॅटरीच्या निगेटिव्हला अँमीटर सिरीजमध्ये लावलेला, रीडिंग पाच अँपिअरच्या आसपास. बंद गाडी साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत खाते, म्हणजे लीकेज होतं हे शंभर टक्के खरं. मग व्हिडिओत तो एकेक फ्यूज उपटतो, काही होत नाही, काही होत नाही, आणि एक फ्यूज काढल्यावर रीडिंग धाडकन खाली. मागून आवाज, "बघा साहेब, बॉडी कंट्रोल मॉड्युल करंट खातंय रात्रभर", म्हणजे लाईट, लॉक वगैरे सांभाळणारा गाडीतला इलेक्ट्रॉनिक डबा. मला काय कळणार, आकडा पडला हे डोळ्यांनी दिसत होतं ना. मॉड्युल बदलायला हो म्हटलं. बिल असं आलं की घरी दोन दिवस सांगितलं नाही.

आणि गाडी ठीक झाली! रोज सकाळी पहिल्या झटक्यात स्टार्ट. एकदा सिग्नलला मागचा बाईकवाला थोडक्यात वाचला, बाजूला येऊन माझ्यावर असा ओरडला की बास, "ब्रेक लाईट लावा आधी, मरायचंय का". एक मिनिट मला वाटलं हाच भांडखोर. बाजूला घेतली, फोनचा व्हिडिओ चालू करून मागे ठेवला, ब्रेक दाबला. डावा नाही, उजवा नाही, वरचा तिसरा पण नाही.

त्या गॅरेजला न जाता ओळखीतल्या एका जुन्या वायरमन काकांकडे गेलो. काकांनी डिकी उघडली नाही, बल्बला हात लावला नाही, थेट फ्यूज बॉक्सचं झाकण काढून आतला नकाशा बघितला आणि म्हणाले, "स्टॉपचा फ्यूज कुठाय?" स्टॉपचा म्हणजे ब्रेक लाईटचा. खाच रिकामी. फ्यूज जळालेला नाही, जागेवरच नाही. तिन्ही एकदम गेले की बल्ब बघत बसायचं नाही म्हणाले, तीन बल्ब एका दिवशी ठरवून मरत नाहीत, फ्यूज नाहीतर पेडलचा स्विच, त्यातच ९० टक्के खेळ असतो.

नवा फ्यूज टोचला तर मागचे लाईट लागले, पण पेडलला पाय न लावता, आणि विझेनात. काका हसले आणि टॉर्च घेऊन पेडलखाली आडवे झाले. मॅटवर पिवळट प्लॅस्टिकचे तुकडे पडले होते, वाळलेल्या बिस्किटासारखे. ब्रेक पेडलच्या दांड्याला एक भोक असतं, त्यात बोटाच्या टोकाएवढं प्लॅस्टिकचं किंवा रबरी बटण बसवलेलं असतं, त्याला स्टॉपर म्हणतात. पेडल वर असताना हे बटण स्विचच्या पिनला दाबून धरतं, म्हणून लाईट बंद. पाय ठेवला की बटण लांब जातं, पिन बाहेर येते, लाईट चालू. बटण वयाने कुरकुरीत होऊन फुटलं की पिन त्या भोकातून आरपार जाते आणि गाडीला वाटतं तुम्ही चोवीस तास ब्रेक दाबून बसलायत. काकांनी पिन बोटाने दाबली, लाईट बंद. सोडली, चालू. झालं निदान. त्यांनी तात्पुरता त्या भोकात वॉशर घालून एक नटबोल्ट आवळला, नवीन बटण मिळाल्यावर ते बसवलं, आणि त्या बटणाची किंमत म्हणजे अक्षरशः चहापाण्यासारखी.

आता हिशोब बघा. ब्रेकचा साधा बल्ब २१ वॅटचा, दोन म्हणजे ४२, वर तिसरा. १२ व्होल्टवर नुसते दोनच साडेतीन अँपिअर खातात, तिसरा धरून व्हिडिओतला तो पाचचा आकडा बरोबर जुळतो. छोट्या गाडीची ३५ अँपिअर अवरची बॅटरी रात्रभरात आडवी होणारच, जुनी काय आणि नवी काय. गाडी मागून भिंतीला टेकवून लावायचो त्यामुळे रात्रभर लाल उजेड पडतोय हे कोणाला दिसायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे माझी जुनी बॅटरी बहुतेक धडधाकट होती, चार्जिंगला लावून लोड टेस्ट केली असती तर कळलं असतं, ती आता कोणाच्या तरी गाडीत 'नवीन' म्हणून फिरत असेल.

व्हिडिओ काकांना दाखवला तर त्यांनी तो थांबवून झूम केला, उपटलेला फ्यूज स्टॉपचाच. म्हणजे गॅरेजवाल्याला सर्किट अचूक सापडलं होतं हो! माणूस अडाणी नाही, चांगला कारागीर आहे, पेडलपाशी वाकून बघायचं सोडून त्याने फ्यूज खिशात घातला आणि मॉड्युलचं बिल फाडलं. मॉड्युल उघडून बघितलं तर कनेक्टरवर मूळ धूळ तशीच, स्क्रूच्या खाचेत पान्याची खूण नाही. साधी चावीची, मॅन्युअल गिअरची गाडी असल्यामुळे त्याचं फावलं. बटण स्टार्टवाली ऑटोमॅटिक असती तर ब्रेकचा सिग्नल न मिळाल्याने बहुतेक सुरूच झाली नसती, चावीची ऑटोमॅटिक असती तर पी म्हणजे पार्किंगमधून गिअर बहुतेक निघाला नसता, आणि त्याच दिवशी पकडला गेला असता.

जाब विचारायला गेलो तर आधी "जुना पार्ट कंपनीला परत गेला", मग "फ्यूज तुम्हीच काढला असेल", मग बिल दाखवा म्हणाला. बिलावर एकच ओळ, इलेक्ट्रिकल काम. ना पार्ट नंबर, ना मॉड्युलचं नाव. भांडून भांडून थोडे परत मिळाले, बॅटरीचा विषय निघाला की फोन कट करतो.

काकांशी बोलताना या धंद्यातल्या बाकी युक्त्याही कळल्या, त्या सांगतो कारण तुमच्यावर दुसरीच कुठलीतरी वापरतील. एका बाजूचाच ब्रेक लाईट गेला असेल आणि समोरचा फ्यूज, स्विच असलं काही बोलायला लागला तर खोटं बोलतोय हे धरून चाला, बहुतेक गाड्यांत ते दोन्ही बाजूंना मिळून एकच असतं. एका बाजूचा म्हणजे बहुतेक बल्ब, होल्डर किंवा अर्थिंग. होल्डरमध्ये हिरवट गंज धरलेला असतो, सँडपेपरने घासून काम होतं, तिथे अख्खी टेल लाईट असेंब्ली विकतात. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटतो किंवा टेल लाईट उलट मंदावते, हे तर अर्थिंगचं ठरलेलं लक्षण, पण त्यावर "पूर्ण वायरिंग हार्नेस गेलंय" ऐकलेली माणसं आहेत. मीटरची जादू पण बघून ठेवा, होल्डरला मीटर लावून शून्य व्होल्ट दाखवतात आणि वायर तुटली म्हणतात, त्या वेळी पेडल कोणी दाबलेलंच नसतं. नाहीतर मीटरची काळी वायर पेंट मारलेल्या पत्र्यावर टेकवतात, मग लाल वायर थेट बॅटरीवर लावली तरी शून्यच येणार.

आणखी एक, जिथे टेल आणि ब्रेक एकाच बल्बमध्ये असतात तिथे आत दोन फिलामेंट असतात, ५ वॅट आणि २१ वॅट, आणि बल्बच्या बाजूच्या दोन पिना मुद्दाम वरखाली असतात म्हणजे तो उलटा बसू नये. तिथे एक फिलामेंटवाला बल्ब रेटून बसवला की टेल आणि ब्रेक एकमेकांत मिसळतात आणि मग "शॉर्ट सर्किट शोधायला दोन दिवस लागतील" चालू होतं. बाईक-स्कूटरवाल्यांना तर सोपं आहे, पुढचा ब्रेक दाबून लाईट लागतो आणि मागचा दाबून नाही, म्हणजे बल्ब, फ्यूज सगळं चांगलं, फक्त त्या एका ब्रेकचा स्विच किंवा त्याची स्प्रिंग बघायची.

मी आता पार्ट काढायच्या आधी त्याच्या नंबराचा फोटो काढून ठेवतो, जुना पार्ट माझ्यासमोर डिकीत ठेवायला लावतो आणि बिलावर नंबर लिहून घेतो, तोंड वाकडं केलं तरी चालेल. ब्रेक लाईट बघायला सोबत कोणी नसेल तर रात्री गाडी भिंतीला मागून लावा, पेडल दाबून आरशात भिंत लाल होते का बघा, आणि गाडी बंद करून उतरल्यावर एकदा मागे चक्कर मारून ब्रेक लाईट विझलेत का तेही बघा.