१४ मिमी क्लिक ओक फ्लोअरिंग: माल चांगला, पण बसवणारा बघून घ्या

दुकानात ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणून दाखवतात त्यातलं बरंचसं लॅमिनेट असतं, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळीवर लाकडाचं छापील चित्र. इथे विषय आहे तो इंजिनिअर्ड ओकचा. १४ मिमी जाडीत वरचे ३ मिमी खरं ओक, खाली प्लायचे उभे-आडवे थर, कडांना क्लिकच्या खाचा. पट्टी १९०० बाय १९० मिमीची, बॉक्समध्ये ६, म्हणजे साधारण २३ चौरस फूट. घेताना पट्टीचं कापलेलं टोक बघावं. वरचा थर कागदाइतका पातळ असेल तर पुढे घासून पॉलिश करणं विसरा. ३ मिमीचा थर एक-दोनदा घासता येतो, आणि लॅमिनेटपेक्षा जास्तीचे पैसे वसूल होतात ते तिथेच.

हे फ्लोअरिंग खाली चिकटवत नाहीत की ठोकत नाहीत. पट्ट्या एकमेकींत अडकून अख्ख्या खोलीचा एकच पाट होतो आणि तो फोमवर नुसता टेकलेला असतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. लाकूड तेव्हा रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून चारही बाजूंना १० ते १२ मिमी जागा मोकळी हवी. फिटर भिंतीपाशी पाचरी लावून ती ठेवतोही. पण दाराच्या चौकटीला पट्टी भिडवतो आणि उरलेली फट सफाईसाठी सिलिकॉनने बुजवून टाकतो. नाहीतर सुतार स्कर्टिंगचा (भिंतीच्या तळाशी लावायच्या पट्टीचा) खिळा भिंतीऐवजी फ्लोअरिंगमध्ये मारतो. एवढ्या एका ठिकाणी पाट अडला की जुलैत खोलीच्या मधोमध फुगवटा येतो, पाय पडला की खाली-वर होतो. चौकट खालून कापून पट्टी तिच्याखाली सरकवायची, तिथेही जागा सोडूनच. भिंतीत ठोकायची जड कपाटं आधी उभी करावीत, फ्लोअरिंग त्यांच्याभोवती.

जुन्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर थेट बसतं, तोडफोड नाही, हा मोठा फायदा. मात्र २ मीटरचा सरळ ॲल्युमिनियम पाइप आडवा ठेवला तर खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसता कामा नये. पोकळ वाजणारी टाइल आधी पक्की करावी, खड्डा सेल्फ-लेव्हलिंगने (ओतल्यावर आपोआप सपाट पसरणाऱ्या सिमेंटच्या मिश्रणाने) भरावा. उंचसखलपणा झाकायला फोमचे दोन थर टाकण्याची युक्ती सर्रास चालते आणि तीच महागात पडते: मऊ फोमवर सांधा प्रत्येक पावलाला वाकतो, क्लिकची जीभ तुटते, मग रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाची घरभर करकर. २ मिमीचा घट्ट फोम एकदाच, खाली २०० मायक्रॉनचं प्लास्टिक, जोडावर २० सेमी चढवलेलं.

मोजणी आधी कागदावर. खोली १० बाय १२ फूट आणि पट्ट्या १० फुटी भिंतीला समांतर धरल्या, तर ३६५८ मिमीतून कडांचे २४ वजा जाता ३६३४ उरतात. १९ ओळींत ३६१० संपतात आणि शेवटी राहते २४ मिमीची चिंधी, जी क्लिकमध्ये टिकत नाही. त्यापेक्षा पहिलीच ओळ १०७ मिमीची कापून सुरुवात करावी, शेवटची तेवढीच येते. शेजारच्या ओळींचे सांधे किमान ३० सेमी मागेपुढे. १० टक्के जास्त धरून १३२ चौरस फूट, म्हणजे ६ बॉक्स. ते दोन दिवस त्याच खोलीत न उघडता आडवे ठेवावेत.

बेडरूमसाठी बेलाशक घ्या. किचनसाठी नको, आणि ओल चढणाऱ्या तळमजल्यावर तर नकोच. विदर्भात उन्हाळाभर कूलर लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की पाण्याचा कूलर म्हणजे घरातला पावसाळाच.

फोमसकट उंची १६ मिमी वाढते. दारं खालून तासावी लागतातच, पण अटॅच्ड बाथरूमचा उंबरठाही तेवढाच बुटका होतो. तो आत्ताच जेमतेम २० मिमी असेल तर आधी त्यावर ग्रॅनाइटची पट्टी चढवून घ्या, मग बॉक्स मागवा.