शिबिरातून परत आलेला बंद लिफाफा

लेक निवासी शिबिराहून परतली त्या रात्री तिची बॅग उपसायला घेतली, आणि तळाशी हाताला लिफाफा लागला. मीच दिलेला. आत डॉक्टरांची चिठ्ठी, औषध कधी आणि किती द्यायचं त्याची माहिती, आमचे फोन नंबर. गांधीलमाशी चावली की तिला श्वास घ्यायला त्रास होतो, म्हणून निघताना तो लिफाफा आणि औषधाची पिशवी मी न्यायला आलेल्या शिबिराच्या माणसाच्या हातात दिली होती आणि सगळं दोनदा समजावून सांगितलं होतं. लिफाफा जसाच्या तसा होता. चिकटपट्टीची कडासुद्धा कुणी उचललेली नव्हती. औषधाची पिशवी बाजूच्या कप्प्यात. तिला काय होतं हेच ज्यांना ठाऊक नाही, अशा लोकांच्या भरवशावर माझी दहा वर्षांची मुलगी सहा दिवस राहिली.

मग एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. पोहण्याचे कपडे मी घातलेल्या घडीतच होते. विचारलं तर म्हणाली, "आई, तिथे तळं नव्हतंच."

जाहिरातीत मात्र तळं होतं. रंगीत होड्या, धनुर्विद्या, दुर्बिणीतून आकाशदर्शन. आणि खाली ठळक अक्षरांत, '8 मुलांमागे 1 प्रशिक्षक'. मी भुलले ती याच ओळीला. अमेरिकन कॅम्प असोसिएशनचे निकष मी आधी वाचले होते. निवासी शिबिरात 6 ते 8 वर्षांच्या सहा मुलांमागे आणि 9 ते 14 वर्षांच्या आठ मुलांमागे किमान एक जबाबदार माणूस असावा, असं त्यांत आहे. आकडा तंतोतंत जुळला, म्हणून माणसं जाणकार असणार असं मी धरून चालले. आकडा कुणीही छापू शकतं. ती माणसं कोण, त्यांची नावं काय, हे मी विचारलंच नाही.

फोनवरचा माणूस फार गोड बोलायचा. "ताई, तीनच जागा उरल्यात. आज पूर्ण रक्कम भरलीत तर सवलत मिळेल." खातं संस्थेच्या नव्हे, एका व्यक्तीच्या नावावर होतं. मी विचारलंही. "संस्थेच्या खात्याचं काम सुरू आहे," म्हणाला. मी पैसे पाठवले. तिथेच थांबायला हवं होतं, हे आज मनापासून वाटतं. निघायच्या दोन दिवस आधी निरोप आला, मुलांच्या सुरक्षिततेसाठी जागा बदलली आहे. सुरक्षिततेचं नाव काढल्यावर आईबाप काय बोलणार?

नवी जागा म्हणजे दुमजली इमारत आणि पुढे अंगण. मुलं एकतीस, त्यांच्यावर दोन तरुण पोरं, त्यातलाही एक दुसऱ्या दिवशी निघून गेला. धनुष्य एकच, त्याची दोरी पहिल्याच दिवशी तुटली. दुपारभर मुलांना सिनेमे दाखवत बसवायचे. आणि रात्री? फाटकावर एक पहारेकरी, आणि मुलींच्या मजल्यावर सगळ्यांत मोठी म्हणून तेरा वर्षांची एक मुलगी. घरच्या आठवणीने रडणाऱ्या लहानग्यांना ती पोर थोपटून झोपवायची. त्या मुलीचा विचार आला की अजून पोटात तुटतं.

हे सगळं लेकीने फोनवर का सांगितलं नाही? बोलताना फोन स्पीकरवर असायचा आणि 'दादा' शेजारी उभा. "छान चाललंय," एवढंच ती म्हणायची. शिवाय रोज संध्याकाळी ग्रुपवर फोटो यायचे, आम्ही पालक खूश. आता ते पुन्हा काढून पाहिले. सहाही दिवसांच्या फोटोंत तिच्या अंगात तोच पिवळा टी-शर्ट आहे, घरून निघताना घातलेला. पहिल्याच दिवशी भराभर काढून ठेवलेले फोटो रोज थोडे थोडे पाठवले जात होते.

जाहिरातीतली चित्रं इंटरनेटवर शोधून पाहिली. तेच तळं, त्याच होड्या, दुसऱ्याच शिबिरांच्या पानांवर. हे शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. पैसे भरण्याआधी ती पाच मिनिटं मी काढली नाहीत.

सुरुवातीला मला त्या कोरड्या कपड्यांचं वाईट वाटलं होतं. आता वाटतं, तळं नव्हतं तेच बरं झालं. 22 मार्च 1993 रोजी इंग्लंडमधल्या लाइम उपसागरात एका साहस केंद्रातून कयाक, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या अरुंद होड्या, घेऊन गेलेल्या शाळेच्या गटातली चार मुलं दगावली. तिथल्या सुरक्षेत त्रुटी आहेत असं केंद्र सोडून गेलेल्या प्रशिक्षकांनी आधीच लेखी कळवलं होतं. कंपनीच्या संचालकाला 1994 मध्ये तुरुंगवास झाला, आणि 1995 मध्ये तिथे अशा केंद्रांना परवाना लावणारा कायदा आला. आमच्या शिबिरातल्या त्या दोन पोरांनी एकतीस मुलं पाण्यात उतरवली असती तर?

म्हणून तुम्ही शिबिर निवडत असाल तर आधी माणसांची चौकशी करा, खेळांची यादी नंतर. रात्री मुलांच्या खोलीशेजारी कोण झोपतं, त्याचं नाव आणि अनुभव विचारा. पाण्याजवळ जीवरक्षक कोण आणि त्याचं प्रमाणपत्र कधीपर्यंत चालू आहे, हेही विचारा. माझ्या मुलाची आरोग्याची माहिती नेमकं कोण वाचणार? या प्रश्नाला नाव घेऊन उत्तर आलं नाही तर पुढे बोलूच नका. त्यांनी दिलेल्या दोन पालकांशी बोलून भागत नाही, आधी गेलेल्या मुलांचे पालक स्वतः शोधा. जागा आपल्या डोळ्यांनी पाहा, आणि ऐनवेळी जागा बदलली तर मुलाला पाठवू नका, पैसे बुडाले तरी चालेल.

पैसे परत मागितले तेव्हा त्यांनी पावतीवरची बारीक ओळ दाखवली, 'ठिकाण, कार्यक्रम व मनुष्यबळ बदलण्याचा अधिकार आयोजकांकडे'. पावतीवर नावही तिसऱ्याच संस्थेचं. आम्ही अकरा पालकांनी मिळून लेखी तक्रार दिली आहे. जाहिरातीची प्रत, पैसे पाठवल्याची नोंद, जागा बदलल्याचा निरोप आणि ते फोटो, सगळं जोडलं आहे. ग्रुप त्यांनी दुसऱ्याच दिवशी बंद केला, पण आमच्या फोनमधलं सगळं शाबूत आहे. असा अनुभव आला असेल तर रागाच्या भरात काहीही पुसून टाकू नका, आणि मुलाला आठवतंय तोवर त्याच्याकडून ऐकून तारीखवार लिहून ठेवा. लेकीने सांगितलेलं मी त्याच रात्री वहीत उतरवलं. तो लिफाफा त्याच वहीत ठेवला आहे, अजून बंदच.