उबंटू २२.०४, आठ महिन्यांनंतर: हँग हँगमध्ये फरक असतो

सहा वर्षांचा जुना लॅपटॉप, आठ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, जे काही आहे ते प्रोसेसरच्याच पोटात. त्यावर विंडोजऐवजी उबंटू ही लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टिम टाकून आठ महिने झाले. मी भाषांतराचं काम करते. दिवसभर ब्राउझरचे वीस-पंचवीस टॅब, शब्दकोश आणि लिबरऑफिस उघडं असतं, याहून जास्त काही नाही.

मराठी टायपिंग पहिल्या दिवसापासून नीट चाललं, पंख्याचा घरघराट कमी झाला. कौतुक इथेच आवरते, कारण पहिले तीन महिने माझं सगळं लक्ष स्क्रीन गोठण्याकडेच होतं. आठवड्यातून दोन-तीनदा तरी व्हायचं. पॉवर बटण दाबून धरायचं, पुन्हा चालू करायचं आणि गेलेल्या अर्ध्या पानासाठी चडफडायचं. भाचा म्हणाला, "मावशी, टाक ना परत विंडोज, सुटशील." मग मात्र मी हट्टालाच पेटले.

चूक माझी अशी, की दर वेळी 'हँग झाला' एवढंच म्हणून मी मोकळी व्हायचे. मग वहीत लिहायला लागले: काय उघडं होतं, माउस हलत होता का, गाणं चालू राहिलं का, कॅप्स लॉकचा दिवा लागत-विझत होता का. महिनाभराने वही चाळली तेव्हा कळलं, हा एक आजार नव्हताच. तीन होते.

पहिला रॅमचा. माउस गोगलगायीसारखा सरकायचा, डिस्कचा दिवा अखंड पेटलेला, आणि मग अचानक अख्खा ब्राउझर गायब! क्रॅश झाला असं मला वाटायचं. प्रत्यक्षात २२.०४ पासून उबंटूत सिस्टमडी-ऊमडी नावाचा एक पहारेकरी आहे. रॅम आणि स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) दोन्ही भरत आले की तो सर्वांत खादाड प्रोग्रामला बाहेर काढतो. ब्राउझरचा एक टॅब नव्हे, सगळा ब्राउझरच. माझी स्वॅप फाइल फक्त दोन जीबीची होती, ती आठ केली आणि रॅमची आणखी एक पट्टी बसवली. त्यानंतर पहारेकऱ्याने तोंड दाखवलेलं नाही.

दुसऱ्याने खरा छळ केला. वाचत बसलेय, हात की-बोर्डवर नाही, आणि चित्र तिथेच थिजलं. गाणं मात्र चालू, कॅप्स लॉकचा दिवाही बदलतोय. जर्नलसीटीएल या नोंदी दाखवणाऱ्या कमांडला डॅश-बी डॅश-एक लावून मागच्या बूटची, म्हणजे रीस्टार्टच्या आधीची, नोंद काढली तर तिथे संशय यावा असं काहीच नाही. एकदा फोनवरून एसएसएचने (दुसऱ्या यंत्रावरून नेटवर्कने कमांड देण्याची सोय) आत शिरले तर यंत्र ठणठणीत, सगळी कामं सुरू! कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या टर्मिनलवर गेले, एफ२ ने परत आले, तर चित्र जिवंत. म्हणजे मेलं होतं ते फक्त पडद्यावरचं चित्र.

कारण निघालं पॅनल सेल्फ रिफ्रेश, म्हणजे पीएसआर. पडद्यावर काही हलत नसेल तर ग्राफिक्स चिप झोपते आणि पॅनल आपल्या आठवणीतलं चित्र दाखवत राहतं, त्यात वीज वाचते. माझ्या पॅनलला बहुधा त्या झोपेतून उठता येत नव्हतं, म्हणून तर वाचतानाच गोठायचं. ग्रबच्या (लॅपटॉप चालू होताना उबंटूला उठवणारा प्रोग्राम) फाइलीत कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, सूचना देणाऱ्या ओळीवर आय९१५.इनेबल_पीएसआर=० (ग्राफिक्सच्या ड्रायव्हरला 'पीएसआर बंद कर') लिहिलं, अपडेट-ग्रब चालवलं, रीस्टार्ट केलं. पाच महिने झाले, एकदाही नाही. बॅटरी अंदाजे वीस मिनिटं कमी चालते, ते मला चालेल.

याच्या आधी कुणीतरी त्याच ओळीवर नोमोडसेट लिहायला सांगितलं होतं, तेही करून बसले होते. त्याने गोठणं थांबतं, कारण खरा ड्रायव्हरच चालू होत नाही. मग ब्राइटनेस कमी-जास्त होत नाही आणि खिडकी सरकवली तरी फाटत फाटत सरकते. तात्पुरतं बूट करायला ठीक, कायम ठेवायला नाही.

तिसरा प्रकार: थेट लॉगिनच्या पडद्यावर फेकलं जाणं. हवामान दाखवणारं एक एक्स्टेन्शन काढलं आणि बंद झालं. पण इथे एक कळलं. पडद्यावर खिडक्या दाखवायच्या दोन पद्धती आहेत, जुनी झॉर्ग आणि नवी वेलँड. झॉर्गवर ऑल्ट-एफ२ दाबून 'आर' दिला की ग्नोम शेल (उबंटूचा डेस्कटॉप) नव्याने उठतं आणि खिडक्या जागेवर राहतात. वेलँडवर खिडक्या धरून ठेवणारं शेलच असतं. ते पडलं की न सेव्ह केलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं. तरी मी वेलँडवरच आहे, स्क्रोलिंग फार गुळगुळीत आहे हो.

आता पॉवर बटणाला हात लावत नाही. ऑल्ट आणि प्रिंट-स्क्रीन धरून सावकाश एस, यू, बी: डिस्कवर लिहून घे, फाइल सिस्टिम फक्त-वाचनावर ने, रीस्टार्ट कर. सगळीकडे आर-ई-आय-एस-यू-बी अशी सहा अक्षरं सांगतात, पण कोणती अक्षरं चालतील हे ठरवणाऱ्या सेटिंगची उबंटूत मुळात १७६ ही किंमत असते, तिच्यात पहिल्या तिघांना परवानगीच नाही. माझ्या की-बोर्डवर प्रिंट-स्क्रीनसाठी एफएनही धरावं लागतं, म्हणजे एका हाताची चार बोटं कसरत करतात.

राहिलंय एकच. झाकण मिटून उघडलं की एचडीएमआयवरचा मॉनिटर कधीकधी काळाच राहतो. केबल काढून लावली की येतो. वहीत त्याचं पान सुरू केलंय, आत्तापर्यंत चार नोंदी.