अकरा महिने, एक वही आणि ४२५ किलोमीटरचा आकडा

इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा माहितीपत्रकावर रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती चालते ते अंतर, ४२५ किलोमीटर छापलेलं होतं, युरोपातल्या डब्ल्यूएलटीपी या प्रमाणित चाचणीनुसार. अकरा महिन्यांत बारा हजार किलोमीटर झाले आणि पहिल्या आठवड्यापासून मी वहीत नोंद ठेवतेय: किती चालली, किती टक्के उतरले, घरच्या मीटरवर किती युनिट पडले. त्यामुळे ‘खरी रेंज किती मिळते गं?’ असं कुणी विचारलं की मला एक आकडा सांगता येत नाही, तीन सांगावे लागतात. सौम्य हवेत, शहरातल्या शहरात ४८० च्या आसपास. मिश्र वापरात ३९०. हायवेला ताशी ११० ने, थंडीत, हीटर लावून २७०. बॅटरी तीच, वापरता येण्याजोगी ६० युनिटची. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच, एक किलोवॅट-तास.

हे तिन्ही आकडे कळण्याआधी एक पहाट वाईट गेली. दुसऱ्याच महिन्यात आईला घेऊन ३३० किलोमीटरच्या प्रवासाला निघाले होते. बाहेर ४ अंश, समोरून वारा, शंभर टक्के चार्ज आणि डॅशबोर्डवर ३९८. पोहोचून वर ६८ उरतील, असा सरळ हिशेब केला. पहिले १०० किलोमीटर संपले तेव्हा स्क्रीनवर २२१ होते. शंभर चालले आणि १७७ गेले! मी हीटर बंद केला, वेग ८० वर आणला. थोड्या वेळाने आई मागून म्हणाली, “अगं, काच उघडी राहिलीय का?” काच बंदच होती. तिने शाल डोक्यावरून घेतली आणि पुढे काही बोलली नाही. २१० किलोमीटरला ३५ टक्के उरले होते आणि १२० जायचे होते. पोहोचलोही असतो कदाचित, पण आईला घेऊन तसला जुगार खेळायचा नव्हता. चार्जरवर थांबलो.

तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही, कारण ती चाचणी नेमकी कशी होते हे मी नंतर मुळापासून समजून घेतलं.

रेंजच्या चाचणीत गाडी रस्त्यावर धावतच नाही. आधी तिला एका सरळ, सपाट धावपट्टीवर वेगात नेऊन न्यूट्रलमध्ये सोडतात आणि वेग कसकसा उतरतो ते मोजतात. वाऱ्याचा परिणाम निघून जावा म्हणून दोन्ही दिशांनी मोजतात. त्यावरून हवेचा आणि टायरचा मिळून किती विरोध होतो ते कळतं. मग प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवतात आणि तोच विरोध रोलरकडून दिला जातो. खोलीचं तापमान २३ अंश. एसी बंद, हीटर बंद. चालक समोरच्या पडद्यावर दिसणारा वेग सेकंदासेकंदाला पाळत जातो. डब्ल्यूएलटीपीचं एक चक्र ३० मिनिटांचं, सव्वातेवीस किलोमीटरचं. त्यात कमाल वेग १३१ पर्यंत जातो खरा, पण थांबे धरून सरासरी ताशी साडेशेहेचाळीसच भरते.

ही सरासरी वाचली आणि माझ्या त्या पहाटेचा उलगडा झाला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून ११० वर गेलं की हवा कापायला दर किलोमीटरला जवळजवळ १.९ पट ऊर्जा लागते. वर ४ अंशांची हवा २३ अंशांच्या हवेपेक्षा साधारण सात टक्के दाट असते. आणि समोरचा वारा म्हणजे हवेच्या दृष्टीने गाडी आणखी जोरात चाललेली. मी ज्या परिस्थितीत होते, त्यातली एकही गोष्ट त्या खोलीत नव्हती.

चाचण्याही देशोदेशी वेगळ्या. युरोपात २०१७ च्या सप्टेंबरपासून नव्या मॉडेलना डब्ल्यूएलटीपी लागू झाली. त्याआधीच्या एनईडीसीची सरासरी ताशी ३४ च्या आसपास होती, त्यामुळे तिचे आकडे आणखी गोड दिसायचे. चीनच्या सीएलटीसीची सरासरी ताशी २९. भारताच्या मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकलमध्ये कमाल वेगच ९०. अमेरिकेत ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेच्या पद्धतीत रोलरवर जी रेंज निघते तिला सर्वसाधारणपणे ०.७ ने गुणतात आणि मगच स्टिकरवर छापतात. मला हे प्रामाणिक वाटतं: खोलीत जे दिसलं त्यातून एसी, थंडी, वेग यांचा वाटा आधीच वजा. एकच गाडी या चाचण्यांतून गेली तर प्रत्येक ठिकाणी वेगळी रेंज घेऊन बाहेर पडेल. म्हणून दोन गाड्यांची तुलना करताना किलोमीटर वाचण्याआधी खाली बारीक अक्षरांत चाचणीचं नाव काय आहे ते बघा. नावं वेगळी असतील तर ती तुलनाच धरू नका.

आणखी एक. डब्ल्यूएलटीपीत टायर, चाकं आणि जादा सोयी यांनुसार प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा काढता येतो. ४२५ हा लहान चाकांच्या मूळ व्हेरियंटचा होता. माझ्या मोठ्या चाकांच्या गाडीच्या कागदपत्रांत ४०८ लिहिलेलं आहे. विकणाऱ्याने हे सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही. कागदपत्रं हातात येण्याआधी तुमच्या नेमक्या व्हेरियंटचा आकडा मागून घ्या.

आता मी रेंजपेक्षा खपाकडे जास्त बघते, म्हणजे १०० किलोमीटरला किती युनिट. इथेही सुरुवातीला अडखळले होते. अधिकृत खप १६.१ युनिट, रेंज ४२५. गुणाकार केला तर ६८ च्या वर जातो, आणि बॅटरी तर ६० ची! छपाईची चूक असेल असं वाटलं. तसं नाही. चाचणीत बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत गाडी चालवतात आणि मग चार्जिंगला लावून प्लगमधून किती वीज आली ते मोजतात. चार्ज होताना जी वीज उष्णता होऊन वाया जाते तीही खपात धरलेली असते. डॅशबोर्डवर मात्र बॅटरीतून बाहेर पडलेलीच दिसते. माझ्या वहीत अकरा महिन्यांची सरासरी डॅशबोर्डवर १५.३ आहे आणि मीटरवर १७.५. बिल मीटरवरचं येतं. साध्या तीन पिनच्या सॉकेटवर माझं नुकसान जास्त होतं, कारण चार्जिंग रात्रभर चालतं आणि तितका वेळ गाडीतली यंत्रणा जागी राहते. घरी मोठा चार्जर बसवल्यावर हा फरक नोंदींत स्पष्ट उतरला.

हीटरचं गणित मला सगळ्यात उपयोगी पडलं. हीटर वेळेप्रमाणे वीज खातो, अंतराप्रमाणे नाही. तो सतत २ किलोवॅट घेत असेल तर तासाला २ युनिट गेले. हायवेला त्या तासात १०० किलोमीटर होतात, म्हणजे शंभराला फक्त २ युनिटची भर. शहरातल्या गर्दीत तासाला २५ किलोमीटर होत असतील तर शंभराला ८ युनिट! त्या पहाटे मी आईला उगीचच गारठवलं होतं. वेग ८० वर आणल्याने जे वाचलं ते हीटरमुळे वाचलेल्याच्या कितीतरी पट होतं. उलट थंडीतल्या छोट्या छोट्या फेऱ्यांत गाडी पुन्हा पुन्हा उबदार करावी लागते, तिथे खप अंगावर येतो. म्हणून आता निघण्याआधी प्लग लावलेला असतानाच गाडी गरम करून घेते.

चढाचंही लक्षात ठेवा: माणसांसकट १,८०० किलोची गाडी १०० मीटर वर चढवायला साधारण अर्धं युनिट लागतं. सहाशे मीटरचा घाट म्हणजे तीन युनिट, माझ्या बॅटरीचे पाच टक्के. उतरताना रिजेनमुळे, म्हणजे मोटरच वीज बनवून बॅटरीत परत भरते त्यामुळे, त्यातला बराच भाग परत येतो. टायरमधली हवा कमी असली तरी खप वाढतो, ती महिन्यातून एकदा तपासतेच.

डॅशबोर्डवरची ‘उरलेले किलोमीटर’ ही पट्टी मी बंद करून टक्के लावलेत. ती पट्टी गेल्या काही दिवसांच्या चालवण्यावरून अंदाज बांधते. माझा आदला आठवडा शहरात गेला होता, म्हणून ३९८ दिसले होते.

माझी एकच मागणी आहे. अधिकृत आकड्याशेजारी ताशी ११० च्या स्थिर वेगाची आणि थंडीतली रेंज छापणं सक्तीचं करावं. गाड्या बनवणाऱ्यांकडे ही माहिती असतेच, आणि प्रवास आखताना लागते ती हीच.

गेल्या महिन्यात त्याच रस्त्याने पुन्हा गेलो, तशाच थंड पहाटे. या वेळी १०० किलोमीटरला २२ युनिट धरले आणि १५० वर चहाला थांबायचं आधीच ठरवलं. थांबलो तेव्हा ४५ टक्के होते, हिशेबाच्या अगदी जवळ. हीटर सुरू होता. मागे आई गाढ झोपली होती आणि शाल घडी न मोडता तिच्या मांडीवर होती.