क्रुगर: सरकारी कॅम्प की खासगी लॉज?

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात सटारा किंवा लोअर साबीसारख्या सरकारी कॅम्पात राहिलात, तर गाडी तुम्हीच चालवायची. डांबरी रस्त्यावर ताशी 50, कच्च्यावर 40 किमीची मर्यादा. रस्ता सोडायचा नाही, गाडीतून उतरायचं नाही. हिवाळ्यात, मे ते जुलै, कॅम्पचं फाटक संध्याकाळी साडेपाचला बंद होतं. परतताना हत्तींचा कळप आडवा आला की उशीर होतो आणि दंड बसतो, म्हणून तासभर हाताशी ठेवा.

शेजारच्या साबी सँड या खासगी अभयारण्यातल्या पाचसहा खोल्यांच्या लॉजचं गणित वेगळं. 1993 मध्ये मधलं कुंपण निघालं, त्यामुळे प्राणी तेच. पण इथे उघड्या जीपच्या पुढच्या टोकाला माग काढणारा ट्रॅकर बसतो, बिबट्यामागे गाडी झुडपात घालता येते, अंधारात स्पॉटलाइट वापरता येतो. पहाटे आणि दुपार कलल्यावर अशा सुमारे तीन-तीन तासांच्या दोन फेऱ्या. बिबट्याच बघायचा असेल तर पैसे इथेच घाला, दोनच रात्री का होईना. बऱ्याच लॉजना कुंपण नसतं. अंधार पडल्यावर खोलीबाहेर एकट्याने जायचं नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना अनेक ठिकाणी फेरीत नेत नाहीत, आधी विचारा. शाकाहारी जेवणही बुकिंगच्या वेळीच सांगा.

जून-जुलैच्या पहाटे उघड्या जीपमध्ये थंडी बोचते, कानटोपी हवीच. मलेरियाच्या गोळ्यांचं मात्र दोन्हीकडे सारखंच: निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.