घरी येणाऱ्या केअरटेकर सेवेचा आमचा ८ महिन्यांचा अनुभव, ४ स्टार

बाबांना स्ट्रोक आला, डावी बाजू गेली, आणि डिस्चार्ज देतानाच डॉक्टर म्हणाले घरी माणूस ठेवा. मग एका एजन्सीकडून दिवसपाळीला केअरटेकर घेतले, त्याला ८ महिने झाले. बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिल्याच आठवड्यात मी एजन्सीला फोन करून भांडले होते. म्हटलं तुमचा माणूस काही करतच नाही, बाबा दहा-दहा मिनिटं शर्टाच्या बटणाशी झटापट करतायत आणि हा शेजारी हाताची घडी घालून उभा. पैसे कशाचे देतोय आपण, असंच वाटत होतं. त्यावर दादा (केअरटेकरना आम्ही दादाच म्हणतो) एवढंच म्हणाले, "ताई, मी लावलं तर आत्ता होऊन जाईल, पण मग काका परत हात लावणार नाहीत." आमच्या घरात सगळ्यांचा समज हाच, की चांगली सेवा म्हणजे सगळं आयतं हातात द्यायचं. माणसाला जमतं तेवढं त्यालाच करू द्यायचं आणि अडलं तरच पुढे व्हायचं, हे किती अवघड आहे ते दादांच्या सुट्टीच्या दिवशी कळतं, माझ्याच्याने ते बघवत नाही आणि मी पटकन बटण लावून टाकते.

दुसरं म्हणजे, अंघोळ घालणं, कपडे बदलणं यात शिकायचंय काय, कोणीही करेल. नाही हो! शर्ट घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना तोच शेवटी. मी उलटं करायचे आणि बाबा कळवळायचे. भरवताना ताठ बसवायचं, गालात आधीचा घास अडकलाय का ते बघायचं, नंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही, कारण गिळायला त्रास असेल तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. दादा हे सगळं गप्पा मारता मारता करतात, म्हणून ते काम आहे असं वाटतच नाही बघणाऱ्याला.

एकदा अंग पुसताना त्यांनी मला हाक मारली. माकडहाडापाशी लालसर चट्टा होता, छोटासा. त्यांनी बोटाने दाबून सोडला. "बघा, दाबल्यावर पांढरं पडायला हवं, पडत नाहीये." मी घामोळं समजून पावडर लावली असती, ती बेडसोरची, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची सुरुवात होती. त्याच दिवशी नर्सला कळवलं, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवल्या, दर २ तासांनी कूस बदलायची आणि वहीत वेळ टाकायची. कातडी फुटायच्या आत चट्टा गेला. अशा माणसाला आमच्याच एका नातेवाइकाने तोंडावर विचारलं, दुसरं काही काम मिळालं नाही का तुम्हाला? मला फार वाईट वाटलं.

आता कापलेला एक स्टार, तो पूर्णपणे ऑफिसचा. दादा सुट्टीवर गेले की बदली माणूस सरळ दारात, काहीही माहिती न देता. "सगळे ट्रेन्ड आहेत मॅडम", हे ठरलेलं उत्तर. अशाच एकाने बाबांना डाव्या काखेत हात घालून उचललं, स्ट्रोकनंतर तो खांदा ढिला असतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, पुढचे तीन आठवडे बाबांचा खांदा दुखत होता. कोणीही आला तरी चालतं हा समज लोकांचा असतो ते समजू शकते, पण ज्यांचा धंदाच हा आहे त्यांचाही तोच असावा याचा मला अजून राग आहे.

सेवा घेणार असाल तर बदलीचा माणूस ठरलेला एकच मागा, आणि पहिल्या दिवशी दोघं निदान तासभर एकत्र असतील असं आधीच बोलून घ्या. आमच्याकडे दादांनीच दोन पानं लिहून कपाटाच्या दारावर चिकटवलीत, डावा खांदा, कूस, घास, सगळं. नवीन कोणी आलं की आधी ती वाचायला लावते, मगच बाबांच्या खोलीत सोडते.